राजाच्या दूधभावाची बाजू

नववीच्या वर्गाला त्या वर्षी वाचनाच्या तासासाठी आर्थर राजाची गोष्ट लावली होती. मूळ जुनी दंतकथा, कुणीतरी मुलांसाठी नव्याने सांगितलेली. दगडात रुतलेली तलवार, ती उपसून राजा झालेला पोरगा, गोल मेज, त्याभोवतीचे शूर सरदार आणि सगळ्यांच्या मागे उभा असलेला म्हातारा जादूगार. वर्गाला पुस्तक भलतंच आवडलं. एका मुलीला सोडून.

तिला घरी ठिणगी म्हणत. हे नाव तिच्या मावशीने ठेवलं होतं आणि ते किती चपखल आहे याचा अनुभव मावशीलाच रोज यायचा. मावशीचं कपडे अल्टर करून द्यायचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत दोघी राहायच्या. शाळेतून आलं की ठिणगी इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्याशी बसून वाचायची आणि वाचता वाचता भांडायची.

"मावशी, ऐक ना. राणीला जाळायची शिक्षा झाली आणि हा राजा खिडकीत उभा राहून बघतोय. म्हणे काय, कायदा सगळ्यांना सारखा. अगं, कायदा केला कुणी? यानेच ना?"

मावशीच्या तोंडात टाचण्या असायच्या. ती नुसतं "हं" म्हणायची.

"आणि तो सगळ्यात शूर सरदार! मित्राच्या बायकोच्या प्रेमात पडला, ते एक असो. पण मग वेड लागलं म्हणून जंगलात पळून गेला. आपल्याला कुणी देतं का वेड लागायला सवड?"

"मला तू लावशील लवकरच," मावशी टाचण्या काढून म्हणायची. "ऊठ, जेवून घे."

पण हे सगळे राग वरवरचे होते. खरा राग तिसऱ्या प्रकरणात होता.

राजा लहानपणी राजवाड्यात वाढला नव्हता. जन्मला त्याच रात्री जादूगाराने त्याला उचलून एका सरदाराच्या घरी नेऊन ठेवलं. त्या सरदाराचा स्वतःचा एक मुलगा होता. पुस्तकात हा दूधभाऊ म्हणजे नुसती गंमत. फटकळ, बढाईखोर, प्रत्येक झुंजीत घोड्यावरून पडणारा. पुढे राजाच्या मुदपाकखान्याची सगळी व्यवस्था त्याने बघितली, पण आभार कुणी मानले नाहीत. तो पानावर आला की वर्ग हसायला लागायचा. ठिणगीही हसली होती. मग तिने ते प्रकरण परत वाचलं आणि एका वाक्यापाशी थांबली. सरदाराच्या बायकोने या आणलेल्या बाळाला स्वतःच्या अंगावर पाजलं आणि आपल्या बाळाला दुसऱ्या बाईकडे पाजायला दिलं. एवढंच. पुढच्या ओळीत लगेच घोडे आणि तलवारी.

त्या दिवशी ती मावशीशी भांडली नाही. पुस्तक मिटून बसून राहिली.

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका घरी राहून मूल सांभाळायची. ठिणगीचे बाबा ती अगदी लहान असताना वारले. तेव्हापासून आईला मिळाली ती कामं चोवीस तासांचीच, आणि कुठल्याच घरात दुसरं लेकरू चालणार नव्हतं. म्हणून ठिणगी मावशीकडे राहिली. आई दर रविवारी यायची. म्हणजे यायचं ठरलेलं होतं. कधी त्या घरच्या मुलाला ताप यायचा, कधी मॅडमकडे पाहुणे असायचे. मग फोन यायचा, आणि पलीकडून आईचा आवाज आधी मॅडमना "बरं, बरं" म्हणताना ऐकू यायचा आणि नंतर ठिणगीला "पुढच्या रविवारी नक्की हं" म्हणताना.

शाळेत एका शनिवारी पालकांना बोलावलं होतं. मराठीच्या बाईंनी मुलांना सांगून ठेवलं होतं, "गोष्टीतलं एक माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल बोला. गोष्ट सांगत बसू नका, ती मला येते. त्या माणसाचा तुम्हाला राग का येतो किंवा लोभ का वाटतो, ते सांगा."

ठिणगीने दूधभाऊ निवडला. तिने मजेशीर भाषण तयार केलं होतं. घोड्यावरून पडायचे प्रसंग ओळीने घेतले होते, म्हणजे हमखास हशा.

मावशी दुकान बंद ठेवून आली होती. शनिवार कामाचा, त्यामुळे आई येणार नव्हती. आधीच्या मुलाचं बोलणं संपत आलं, वर्ग टाळ्या वाजवायला लागला, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आई आत आली. धापा टाकत, खांद्याला दोन पिशव्या, आणि हाताशी त्या घरचं चार वर्षांचं पोर. ठिणगीचं काळीज उडालं. आई मावशीशेजारी बसली, पोराला मांडीवर घेतलं, त्याच्या बुटाची नाडी बांधली आणि हळूच म्हणाली, "राजा, आता गप्प बसायचं हं."

राजा.

ठिणगी उभी राहिली तेव्हा तयार केलेलं भाषण तिच्या डोक्यातून पार उडालं होतं.

"या दूधभावाला आपण सगळे हसतो," ती म्हणाली. "पण त्याला दूधभाऊ म्हणायचं तरी कसं? दूध तर एकटा राजाच प्यायला. हा बिचारा तान्हा होता. काल आईच्या कुशीत होता आणि आज तिथे दुसराच. पुढे तो दुसरा राजा झाला. मग सगळे म्हणतात, केवढी माया त्या माउलीची! परक्याच्या पोराला पोटच्या पोरासारखं वाढवलं! आणि पोटच्या पोराला? त्याला कुणासारखं वाढवलं?"

कुणीतरी सवयीने हसलं आणि मध्येच थांबलं.

"मला राग राजाचा येत नाही. मला राग त्या आईचा येतो. दुसऱ्याचं मूल मांडीवर घेऊन बसायला तिला वेळ होता. आपलं मूल कुठे आहे, ते जेवलं का, हे तिने एकदा तरी वळून बघितलं का? अशा बाईला आई म्हणू नये. दाई म्हणावं."

ती बसली. आधीच्या मुलासाठी टाळ्या वाजल्या होत्या, हे लक्षात ठेवून आईच्या मांडीवरच्या एकट्या पोराने जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर मावशी लाल होऊन म्हणाली, "कार्टे, जीभ आहे की कात्री?"

"ताई, तू दुकानात जा," आई म्हणाली. "हिला मी घेऊन जाते माझ्याबरोबर. संध्याकाळी पाठवते."

आई रडेल, असं ठिणगीला वाटलं होतं. मनातून तिला तसं हवंही होतं. पण आई रडली नाही. तरातरा बसथांब्यापर्यंत चालली, पिशव्या बाकावर टाकल्या आणि हात पुढे केला.

"ते पुस्तक दे इकडे. कुठे आहे ते?"

ठिणगीने पान काढून दिलं. आईने ते वाक्य ओठ हलवत वाचलं. पान उलटून मागचं बघितलं, पुढचं बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"या बाईचं नाव काय?"

"दिलेलं नाही."

"घोड्याचं दिलंय?"

राजाच्या घोड्याचं नाव दिलं होतं.

"बाळ आणलं कुणी?"

"जादूगाराने."

"तिला विचारलं त्याने, बाई गं, ठेवशील का म्हणून?"

"नवऱ्याला विचारलं. तो हो म्हणाला. त्याला बाळाच्या बापाकडून, तेव्हाच्या राजाकडून, जमीन मिळाली."

"म्हणजे पोर राजाचं, हुकूम जादूगाराचा, जमीन नवऱ्याची. आणि दूध तेवढं हिचं!" आईचा आवाज चढला. थांब्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला, पण तिला त्याची पर्वा नव्हती. "आणि एवढ्या सगळ्यांत तुला फाडून खायला कोण सापडलं? तीच! जादूगाराला एक शब्द बोलली नाहीस. नवऱ्याला बोलली नाहीस. का? ते मोठे लागून गेले?"

"तिने नाही म्हणायचं होतं," ठिणगीही पेटली.

"कुणाला? राजाला? आणि तिने वळून बघितलं नाही, हे कुठे लिहिलंय? दाखव मला!"

"लिहिलं नाहीये, पण..."

"मग तिच्या नावावर तू का खपवतेस? तुला ताईकडे सोडलं ना, त्या दिवशी तू शिवणयंत्राखाली जाऊन लपलीस. बाहेर येईनास. मी दुकानाच्या पायरीवर बसले होते. बस आली, गेली, परत आली, गेली. ताईने आतून दिवा मालवला तरी बसले होते. कुठल्या पुस्तकात आहे हे?"

ठिणगीला हे माहीत नव्हतं. पण राग इतक्या सहज सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मग आत का नाही आलीस?"

"आत आले असते तर गेले नसते. आणि गेले नसते तर तुला वाढवलं असतं कशावर?" आई बाकावर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तो पोरगा बिचाराच गं. मी कुठे नाही म्हणते? भांड त्याच्या बाजूने, खुशाल भांड. पण त्यासाठी तिला कशाला आडवं करतेस?"

बस आली. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, त्यामुळे पोर ठिणगीच्या कडेवर आलं. ते दमलं होतं. खिडकीबाहेर बघता बघता तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं. जड होतं, गरम होतं आणि त्याचं नाक वाहत होतं. याच्यावर रागवायचं तिने बरेच दिवस मनाशी धरलं होतं. पण झोपलेल्या पोरावर रागवायचं कसं, ते तिला जमेना. शेवटी तिने आपल्या बाहीने त्याचं नाक पुसलं.

त्या घरी दार मॅडमनीच उघडलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. ठिणगीकडे बघून हसल्या, आत बोलावलं, पाणी दिलं. मग आईला म्हणाल्या, "बराच उशीर झाला हो. असू दे. आज अर्धा दिवस तुम्ही बाहेरच होतात, तर उद्याची सुट्टी राहू दे ना. उद्या आमच्याकडे माणसं जेवायला यायची आहेत."

ठिणगीच्या मस्तकात सणक गेली. तिने तोंड उघडलं, पण आईने तिच्या दंडावर हात ठेवला. आता "बरं, बरं" येणार, ठिणगीने ओळखलं.

"नाही, मॅडम," आई म्हणाली.

मॅडमना नीट ऐकू आलं नसावं. "म्हणजे?"

"आज मी याला बरोबर घेऊन गेले होते. म्हणजे कामावरच होते. रविवार माझ्या मुलीचा आहे."

"अहो, पण माणसं यायचीत..."

"ती तुमची माणसं आहेत. तुम्ही दोघं आहात ना घरात."

मॅडमचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "तुम्ही कधी असं बोलत नाही."

"नाही बोलले इतके दिवस. म्हणून तुम्हाला वेगळं वाटतंय."

"मग आम्हाला विचार करावा लागेल."

"करा," आई म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द मागे घेतला नाही. तिने झोपलेलं पोर ठिणगीच्या खांद्यावरून काढून आत नेऊन निजवलं, त्याचे बूट काढले, अंगावर पांघरूण घातलं. मॅडम दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

रविवारी आई आली. सकाळीच आली आणि आल्या आल्या म्हणाली, "वाच पुढे. त्या जादूगाराचं पुढे काय होतं?"

"एका मुलीवर भाळतो. ती त्याच्याकडून सगळी जादू शिकून घेते आणि त्यालाच एका गुहेत कोंडते."

"शाब्बास!" आई म्हणाली, आणि मावशीच्या हातातली सुई गळून पडली.

दुपारभर वाचन चाललं. ठिणगीला वाटत होतं, भांडखोर स्वभाव आपण मावशीच्या घरी राहून उचलला. आता कळलं की तो कुठून आला. आईला राजा पटेना, राणीचं वागणं पटेना, पण राणीला जाळायला निघालेले तर मुळीच पटेनात. शेवटी राजा घायाळ होऊन पडतो आणि आपली तलवार तळ्यात टाकायला उरलेल्या एकुलत्या सरदाराला पाठवतो. सरदाराचा हात होत नाही. तो ती लपवतो आणि टाकली म्हणून खोटं सांगतो.

"बरोबर केलं," आई म्हणाली. "एवढी चांगली वस्तू पाण्यात कशाला घालायची?"

"अगं, मरणाऱ्या माणसाचा शब्द आहे तो!"

"असेल. पोरांना तान्हेपणी इकडून तिकडे टाकायचं आणि तलवारीसाठी मात्र एवढा जीव काढायचा?"

ठिणगीने वाद सोडून पान उलटलं. असं क्वचित व्हायचं.

मॅडमनी आईला काढलं नाही. काही दिवस तुटक बोलल्या, इतकंच. त्यांच्या पोराला दुसऱ्या कुणाच्या हातून जेवायचंच नव्हतं.

सोमवारी वाचनाच्या तासाला ठिणगीने हात वर केला. "बाई, मला शनिवारचं एक वाक्य परत घ्यायचंय. त्या आईबद्दलचं."

"राग गेला वाटतं?" बाईंनी विचारलं.

"नाही. राग तेवढाच आहे. चुकीच्या दारात नेऊन टाकला होता." ती उभी राहिली. "मला विचारायचंय, जादूगाराला सगळं भविष्य दिसायचं ना? मग त्या बाईचं स्वतःचं बाळही अंगावर पिणारं आहे, हे त्याला का दिसलं नाही?"

मागच्या बाकावरची मुलं खवळली. जादूगार त्यांचा सगळ्यात लाडका होता. एक जण ओरडला, की जादूगाराने तसं केलं नसतं तर शत्रूंनी राजाला तान्हेपणीच मारलं असतं. पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून त्याला विचारलं, "मग त्याने स्वतः का नाही सांभाळला?" कुणी म्हणालं राज्यासाठी करावं लागतं, कुणी म्हणालं राज्य गेलं चुलीत. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला, एकदा, परत एकदा. मग त्यांनी तो खाली ठेवला, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "एकेकाने बोला. आधी दूधभावाच्या बाजूचे."

ठिणगीने बाह्या वर सारल्या.