उचलता येईल एवढी दुर्बीण

नवरा चन्नवीर वारल्यानंतरही दाक्षायणी ती दुर्बीण माळवदावर चढवत राहिली. दोघांनी मिळून केलेली वस्तू होती. आरशाची जाड काच त्यांनी घरातच घासली होती, कित्येक संध्याकाळी समोरासमोर बसून. नळी पत्र्याची, आणि ती ठेवायचा खालचा घोडा गिरणीतल्या एका फिटरनं जुन्या लोखंडी पाइपांचा जोडून दिलेला. शुक्रवार पेठेतल्या त्या घराचा दगडी जिना अरुंद. चन्नवीर वरून ओढायचा, ती खालून ढकलायची. आता ती एका खेपेला नळी न्यायची, दुसऱ्या खेपेला घोडा.

ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. तिचं एकमेव बाळंतपण फार अवघड गेलं होतं आणि मूल वाचलं नव्हतं. तेव्हापासून कंबरेखाली ओढल्यासारखं व्हायचं, पण तिनं ते अंगावर काढलं. शहात्तरच्या थंडीत एका संध्याकाळी घोडा घेऊन चढताना आतून काहीतरी खाली सरकलं. तिनं घोडा पायरीला टेकवला आणि तिथंच बसून राहिली.

“अंग बाहेर आलंय, गर्भाशय खाली उतरलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “किती वर्षं अशीच आहात?”

“ऑपरेशन करता येईल?”

“तुमच्या हृदयाची झडप अधू आहे, भूल द्यायला मी धजणार नाही. ते वर धरून ठेवायला आत कडी बसवते. पण वजन उचलायचं नाही. भरलेली कळशीसुद्धा नाही. काय उचलता एवढं?”



खालच्या मजल्यावर दीर मल्लप्पा राहायचा. त्याचं चादरींचं दुकान होतं. त्याला तिनं कंबर धरल्याचं सांगितलं.

“मी हाय की, वैनी,” तो म्हणाला. “हाक मारा, चढवून देतो.” त्याची बायको गुरम्मा दुसऱ्या दिवसापासून दाक्षायणीचंही पाणी भरू लागली. सकाळी नळ आला की दोन्ही घरच्या कळश्या तीच वाहायची.

मल्लप्पानं सुरुवातीला दुर्बीण चढवून दिली. मग लग्नसराई आली आणि दुकान उशिरा बंद होऊ लागलं. दाक्षायणी जिन्याच्या तोंडाशी बसून त्याच्या चपलांचा आवाज ऐकायची. कधी तो दमलेला असायचा, कधी पाहुणे असायचे. एकदा चंद्राआड एक ठळक तारा जाणार होता. तिनं सकाळीच सांगून ठेवलं होतं. मल्लप्पा आला तेव्हा ताटं वाढून झाली होती.

“हाय की अजून चंद्र,” तो वर बघत म्हणाला.

“चंद्र आहे. तारा जाऊन परतही आला.”

शाळेच्या कामासाठी पुण्याला जायचं निघालं, तेव्हा ती जुनी उपकरणं विकणाऱ्या एका दुकानात गेली. तिथं दोन दुर्बिणी होत्या. दुकानदार मोठीचंच गुणगान करत होता.

“हिच्यातून काय दिसतं बघा तरी, बाई.”

“दिसतं ते मला माहीत आहे. उचलून बघू?”

मोठी तिनं टेबलावरून जेमतेम वर घेतली आणि खाली ठेवली. धाकटी होती अडीच इंची भिंगाची, ॲल्युमिनियमची, लाकडी तिवईची. ती छातीशी धरून तिनं दुकानाच्या पायऱ्या उतरल्या, पुन्हा चढल्या. श्वास रोखून ती आतल्या दुखण्याची वाट बघत होती. दुखलं नाही. धाकटी बांधून घेताना तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

घरी मल्लप्पानं ती पाहिली, जुनी कॉलेजला देणार असल्याचं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“दादानं हातानं केलेली वस्तू कॉलेजला देऊन टाकायची, आणि हे खेळणं ठेवायचं? मी उचलत न्हवतो का?”

“उचलत होता. पण आभाळ दुकानाच्या वेळा बघत नाही.”

“मग सरळ म्हणा की, माझा राग आलाय.”

गुरम्मा दारात उभी होती. दाक्षायणीनं तिच्याकडे पाहिलं आणि मग मल्लप्पाकडे.

“कंबर नाही, मल्लप्पा. माझं अंग बाहेर येतं. आत कडी बसवलीय. मला भरलेली कळशी उचलायची नाही, तर तो घोडा कसा उचलू? आणि दर वेळी तुमची वाट बघायची, ते आता होत नाही.”

मल्लप्पाची मान खाली गेली. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली आणि तो जिना उतरून गेला.

गुरम्मा दारातून आत आली. मग हळूच म्हणाली, “मला बी हाय, अक्का. धाकटी पोरगी झाल्यापासनं.”

“आणि माझं पाणी तू भरतेस?”

“कुणीतरी भरायलाच पायजे की.”

“मल्लप्पांना माहीत आहे?”

“कशाला सांगायचं?”

गुरम्माला दवाखान्यात न्यायला बरेच दिवस मनवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही तेच सांगितलं: वजन उचलू नका. दाक्षायणीनं पाण्याला बाई लावते म्हटलं, तर गुरम्मा म्हणाली, लोक विचारतील, घरात दोन बायका असून बाई कशाला? दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर दाक्षायणीनं खिडकीतून पाहिलं. गुरम्मा कमरेवर कळशी घेऊन अंगण ओलांडत होती. दाक्षायणी खाली गेली, तिच्या हातातून कळशी काढू लागली. गुरम्मानं ती सोडली नाही. दोघींत हिंदकळून निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

जुनी दुर्बीण कॉलेजच्या माणसांनी हातगाडीवरून नेली. पुढं ती तिथल्या कपाटातच पडून असल्याचं कानावर आलं.

जुनी नेली त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर दाक्षायणीनं धाकटी दुर्बीण एकटीनं वर नेली. सप्तर्षींजवळचे दोन धूसर पुंजके ती बराच वेळ शोधत राहिली. चन्नवीर दर फाल्गुनात आधी तेच दाखवायचा. ते या भिंगात उतरेनात. डोळ्याला पाणी आलं तेव्हा तिनं नळी शनीकडे वळवली.

गुरम्मा भिंतीला धरत वर आली. तिनं डोळा लावला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“दादांच्या दुर्बिणीत मोठं दिसायचं?”

“मोठं दिसायचं.”

गुरम्मा आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग दोघी कठड्याला टेकून बसल्या, खालून मल्लप्पानं जेवायला हाक मारेपर्यंत.