माथ्यावरचं मागणं

“नीट चाल की रे! हाडं खिळखिळी केलीस माझी,” पाठीवरून नवा साहेब खेकसला.

“चढ आहे, साहेब,” पाठाळ म्हणाला. खुर्चीचा पट्टा त्याच्या कपाळात रुतला होता.

डोंगरापलीकडचे लोक डोंगराअलीकडे राज्य करायचे. नवा साहेब खिंडीतून यायचा तो अलीकडच्याच कुणाच्या तरी पाठीवर, खुर्चीत बसून. साहेबांना पाय नव्हते असं नाही. ते मेजाखाली पसरायला राखून ठेवलेले. वेठीला नाही म्हणणाऱ्याला पलीकडच्या तुरुंगात डांबत. पाठाळाचा मुलगा नाही म्हणाला होता.

पाठाळ मात्र जन्मभर हो म्हणत आला. लोक त्याचं नावसुद्धा विसरले, पाठ तेवढी उरली.

खिंडीच्या माथ्यावर एक रीत होती. साहेबाला खाली उतरवण्याआधी वाहणाऱ्याने एक मागणं मागायचं. पहिल्या कुठल्याशा साहेबाला वरच्या गार वाऱ्यात दया सुटली होती म्हणे. कुणी तंबाखू मागे, कुणी जुना कोट. देणाऱ्याचं काही जात नसे आणि घेणारा गावभर मिरवत असे. अशानंच तर असली राज्यं टिकतात.

माथा आला.

“माग लवकर,” साहेब म्हणाला. “पाय आखडलेत माझे.”

“माझा पोरगा तुरुंगात आहे, साहेब. त्याला सोडा.”

साहेब हसला तशी खुर्ची पाठीवर गदगदली. “कोट नको?”

“नको, साहेब.”

“बरं, सोडतो. पण तू आता थकलास. यापुढे माझी खुर्ची तो वाहील. कबूल?”

“हो,” पाठाळ म्हणाला. तोंडातून निघूनच गेलं. जन्माची सवय.

काही दिवसांनी मुलगा घरी आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. आईने त्याला पोटाशी धरलं, ताटावर बसवलं. “किती वाळलास रे! जेव, पोटभर जेव.”

घास त्याच्या हातातच राहिला. “बाबा, मला सोडलं कसं?”

पाठाळाने सांगितलं. सुरुवात ऐटीत केली, पण शेवटाकडे आवाज बसत गेला.

“वाहशील का, म्हणून रोज विचारायचे. मार खाऊन रोज नाही म्हणत होतो मी,” मुलगा म्हणाला. “आणि तुम्ही माझ्या वतीनं हो म्हणून मोकळे झालात?”

“अरे, जिवंत तर राहशील!”

“तिथंही जिवंतच होतो की.”

“अहो, समजवा ना त्याला,” आई म्हणाली.

मुलाने ताटातलं शीतन्‌शीत संपवलं. “तू रांधलंयस, टाकणार नाही,” तो आईला म्हणाला आणि हात धुऊन उठला. “साहेबाला सांगा बाबा, तुरुंगात परत गेलाय म्हणून.”

आई पांघरूण घेऊन धावेपर्यंत तो खिंडीच्या वाटेला लागलाही होता.

पाठाळ दारात उभा राहिला. खिंडीचा चढ तो आयुष्यभर स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत चढला होता. मान वर करूनही तो चढता येतो, हे तो आज मुलाकडे बघून पहिल्यांदा पाहत होता.