ताईच्या रक्तातलं कॅल्शियम

ताई पूर्वी भरलेली बादली घेऊन तीन जिने चढायची आणि चढताना गाणंही म्हणायची. पन्नाशी उलटली आणि तिची रडगाणी सुरू झाली. हाडं ठणकतात, तहान भागत नाही, पोट साफ होत नाही, कशात मन लागत नाही. घरात तिचं नाव पडलं कण्हूबाई. भावोजी तर पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आम्हाला रेडिओ कशाला? ही आहे ना!" सगळे हसायचे. धाकटी बहीणही हसायची.

धाकटी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. एकदा तिनेच घरी ताईचं रक्त घेतलं. शीर काही केल्या सापडेना. दंडाचा पट्टा पाच मिनिटं तसाच आवळलेला. तपासणीत कॅल्शियम जास्त निघालं. पट्टा फार वेळ राहिला की आकडा चढतो, हे लॅबमध्ये सगळ्यांना पाठ. 'आपल्याच हातचा घोटाळा,' म्हणत तिने कागद फाडून टाकला. पुन्हा रक्त घ्यायचं आज-उद्या करत राहूनच गेलं. उलट हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या तिनेच आणून दिल्या.

तीन वर्षांनी नुसतं खुर्चीवरून उठताना ताईचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी कारण शोधून काढलं. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यातली एक माजली होती. तिचं हार्मोन हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणत होतं आणि फॉस्फेट लघवीवाटे घालवत होतं.

"आधी कधी साधं कॅल्शियम तपासलं असतं तरी कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. धाकटी फरशीकडे बघत राहिली.

ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली. काही दिवसांत ताईच्या मनावरचं मळभ गेलं. मग तिला एकेक आठवू लागलं.

"छोटे, तू माझं रक्त नेलं होतंस. काय आलं होतं त्यात?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ताईच्या नजरेपुढे ते जमेना.

"कॅल्शियम जास्त होतं, ताई. मला वाटलं, पट्ट्यामुळे असेल."

"मग परत का नाही घेतलंस?"

"वाटलं... तुझं नेहमीचंच..."

"कण्हूबाईचं. बोल की!"

ताई भिंतीकडे वळू पाहत होती. खुब्यामुळे वळता येईना. धाकटीने आधाराला हात पुढे केला.

"राहू दे. नर्सला बोलाव," ताई म्हणाली. "आणि उद्यापासून डबा हे आणतील. तू येऊ नकोस."