मी जीप आहे, चपला नाही

मी एक जुनी जीप आहे. किन्हवलीच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून एक कच्ची वाट वर चढते. तिच्या टोकाला धाऊ विशे यांचं घर, घरापुढे खळं, आणि खळ्याच्या कडेला उताराकडे तोंड करून मी उभी असते. बालमित्रांनो, आधीच सांगून ठेवते. माझ्यातून रॉकेट सुटत नाही. मी पाण्याखाली चालत नाही. बटण दाबलं की माझ्या टायरमधून खिळे बाहेर येत नाहीत; माझ्या टायरमध्ये खिळे आत जातात, तेही रस्त्यावरचे. ज्यांना खिळे सोडणारी गाडी ऐकायची असेल त्यांनी आत्ताच उठून जावं.

बसलात? बरं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथला रंगाचा वास तेवढा आठवतो. मग धाऊने मला आणलं. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि नजर अशी तीक्ष्ण, की लांबच्या वळणावर उभा असलेला पॅसेंजर शहापूरला जाणार की नुसता लघवीला थांबलाय, हे तो इथून ओळखायचा. त्याने मला काळा-पिवळा रंग दिला, मागे बाकडी टाकली आणि किन्हवली ते शहापूर असा आमचा संसार सुरू झाला. माणसं किती बसायची ते विचारू नका. ड्रायव्हरच्या डावीकडे बसायचीच, पण उजवीकडेही एकजण अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसायचा. धाऊ मधे चेपून बसून मला चालवायचा. म्हसाच्या जत्रेला तर आत माणसं, टपावर घोंगड्या आणि पायाशी बोकड. त्यातल्या एका बोकडाने माझी सीट खाल्ली. त्याचा मला राग नाही. निदान त्याला भूक होती.

माझ्या अंगी करामती काही कमी नव्हत्या. हॉर्न दोन वायरी एकमेकींना टेकवून वाजायचा. पाऊस आला की वायपर दोरीने ओढायचा. हँडब्रेक कधीच मेला होता, म्हणून उभी केली की गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड. सगळ्यांत हट्टी माझा दुसरा गिअर. सरळ टाकायला जाल तर असा किंचाळतो की मागचे पॅसेंजर देवाचं नाव घेतात. धाऊने त्यावर तोड काढली होती. दांडा आधी तिसऱ्याला नुसता टेकवायचा आणि मग हलक्या हाताने दुसऱ्यात घ्यायचा. त्याच्या हाताला मी कधी आवाज केला नाही. लोक म्हणायचे, "धाऊची गाडी म्हंजे लोण्यावानी चालते." दसऱ्याला झेंडूचा हार असायचा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग धाऊच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. त्या दिवशी त्याने मला खळ्यावर आणून उभं केलं, चाकाखाली दगड लावला, किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली आणि तो जो ओटीवर जाऊन बसला तो बसलाच. माझ्या बॉनेटवर कोंबड्या झोपू लागल्या.

धाऊची एकुलती एक मुलगी रेश्मा. तिने शहापूरला जाऊन दुसऱ्याच्या गाडीवर शिकून लायसन काढलं. गावातल्या बायका भेंडी लावतात आणि ती वाशिंदच्या बाजाराला न्यायला रोज कोणाच्या तरी टेम्पोची वाट बघतात. रेश्माचं म्हणणं सरळ होतं.

"बाबा, गाडी मला द्या. मी भेंडी भरीन. घरची गाडी असून टेम्पोवाल्याच्या पाया पडायचा काय?"

"ती दुसऱ्याच्या हाताला लागत नाय गो," धाऊ म्हणायचा. "दुसरा गिअर तोडून ठेवशील. त्यापेक्षा भंगारात गेलेली बरी."

"मी दुसरी हाय का?"

यावर धाऊ करगोट्याची किल्ली चाचपायचा. पुढे तर त्याने खरंच भंगारवाल्याला निरोप धाडला. तो सोमवारी येणार असं ठरलं. म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर रेश्माच्या हातात जायचं, नाहीतर पत्रा कापायच्या मशीनखाली. आणि रेश्माचं काय, मी गेले की ती पुन्हा कडेला उभी राहून टेम्पोला हात करणार.

अशा ऐन वेळी, आदल्या रविवारी, माझ्या दारात कोण आले? पंखे. म्हणजे फॅन हो. छताला लटकणारे निदान वारा देतात.

धाऊचा पुतण्या हरेश वाशिंदच्या कंपनीत कामाला आहे. तिथला त्याचा मित्र रितेश. हे दोघे 'हेर समशेर' नावाच्या चित्रकथेचे भक्त. ती म्हणे पूर्वी दर रविवारी पेपरात यायची, मग तो पेपरच बंद पडला. समशेर हा गुप्तहेर, आणि त्याची गाडी 'चपला'. चपला म्हणजे वीज, असं रितेशने आमच्या शेजारच्या सकुबाईला फार मोठ्या मनाने समजावलं.

"चपला?" सकुबाई म्हणाली. "पायातल्या?"

"अवो आजी, वीज! आभाळातली!"

"मंग वीज बोला ना. पायताण कशाला बोलता?"

रितेशने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनेच पेपर बंद पाडला होता.

त्यांचं समशेरप्रेमी मंडळ आहे. वाशिंद, आटगाव, मुरबाड अशी कुठकुठची मोठी बाप्ये माणसं, मिशा असलेली. त्यांचं त्या दिवशी संमेलन होतं आणि त्यांना चपलाबरोबर फोटो हवे होते. चपला कागदाची, तिचा फोटो काढणार कसा? म्हणून मी. हरेशने धाऊला गळ घातली, "काका, नायतरी उद्या भंगारात चाललीय. एक दिस फकस्त सजवतो." धाऊने मान हलवली. किल्ली मात्र दिली नाही.

सकाळपासून त्यांनी मला चंदेरी कागद डकवला. पुठ्ठ्याचे पंख लावले. थर्माकोलची रॉकेटं सुतळीने बांधली. डॅशबोर्डवर बाटल्यांची लाल, हिरवी झाकणं चिकटवली आणि त्याखाली लिहिलं: धूर, खिळे, पॅराशूट. धूर! मित्रांनो, धूर मी आयुष्यभर सोडत आले, तेव्हा हीच माणसं नाकाला रुमाल लावून शिव्या द्यायची.

मग वाद सुरू झाला. समशेरचा सगळ्यात भारी खलनायक कोण? हरेश म्हणाला, कात्रीकर. हा कात्रीकर जन्मभर वायरी कापत फिरतो.

"ह्या! कात्रीकर काय खलनायक हाय?" रितेश उसळला. "अत्तरवाला बघ. नुसता वास सोडतो आन् आख्खी बँक झोपते."

"पन अत्तरवाला समशेरला पकडतो तवा काय करतो? आपला पूर्ण प्लान सांगत बसतो."

"तो त्याचा स्वभाव हाय!"

यावर मुरबाडच्या एका टकल्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी बघत होते. मी रस्त्यावर खलनायक पाहिले आहेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारा पाहिला, आणि रंग न मारता स्पीडब्रेकर बांधणारा पाहिला. त्यातल्या एकानेही मला आधी प्लान सांगितला नाही. आणि ती चपला! बत्तीस करामती तिच्या अंगी, पण एवढ्या वर्षांत तिने एका बाईला तरी माहेरी सोडलं का? विचारा त्यांना.

रेश्मा उताराच्या खाली सकुबाईच्या पडवीत भेंडी निवडायला गेली होती. जाताना तिने बजावलं होतं, "चाकाखालचा दगड काढू नका. हँडब्रेक नाय, आन् ब्रेकमधला तेल पन गळून गेलाय."

"ताई, आमी काय लहान हाव का?" रितेश म्हणाला.

ती पाठमोरी झाली आणि थोड्या वेळात त्याने दगड काढला. का, तर फोटोत बरा दिसत नाही. समशेरच्या गाडीखाली दगड असतो का कधी? तरी मी गिअरच्या जोरावर उभी होते. मग रितेश ड्रायव्हरच्या सीटवर बसला, शेजारी हरेश, आणि समोर सगळे मोबाइल धरून. रितेशने पोझ म्हणून गिअरचा दांडा खसकन ओढला.

मी सुटले.

आधी हळू. टाळ्या वाजल्या, त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. मग वेग आला. समोर सरळ उतार, आणि उताराच्या पायथ्याशी पडवीत, भेंडीच्या क्रेटमागे मांडी घालून बसलेली सकुबाई. तिचे गुडघे धरलेले आहेत. तिला उठवायला दोन माणसं लागतात.

मित्रांनो, एवढी वर्षं मी त्या रस्त्यावर धावले, पण कोणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नव्हता. शेवटच्या दिवशी ज्या बाईला मी शंभर वेळा बाजाराला नेलं, तिच्याच अंगावर मी चालले होते. मला ओरडायचं होतं. माझा हॉर्नसुद्धा दोन वायरी टेकवल्याशिवाय वाजत नाही.

आणि माझ्या पोटात बसलेल्या त्या शहाण्याने काय केलं? ब्रेक दाबला. तो भसकन खाली गेला. मग, शपथेवर सांगते, त्याने लाल झाकण दाबलं. एकदा दाबलं, मग जोर लावून दाबलं.

"पॅराशूट!" हरेश किंचाळला. "पॅराशूट दाब!"

त्याने हिरवंही दाबलं.

तेवढ्यात पडवीतून रेश्मा पळत सुटली, सरळ माझ्या दिशेने. मी जवळ येताच तिने उजवीकडून उडी मारली, जिथे तो अर्धा आत, अर्धा बाहेरचा पॅसेंजर बसायचा तिथे. कोपराने रितेशला ढकललं. क्लच दाबला. दांडा तिसऱ्याला टेकवला आणि हलक्या हाताने दुसऱ्यात घेतला. क्लच सोडला. माझं इंजिन बंद होतं, तरी त्याने चाकांना गच्च धरलं. मी गचके खात, पुठ्ठ्याचे पंख गाळत पडवीपाशी थांबले. एक क्रेट चिरडला गेला. सकुबाईच्या पदराला माझा बंपर टेकला होता, बस्स.

सकुबाईने रितेशकडे पाहिलं.

"तुझ्या त्या चपला घाल," ती म्हणाली, "आन् चालाय लाग."

धाऊ कुंपण चाचपत खाली आला. त्याला दिसलं काहीच नव्हतं. सकुबाई धड आहे हे तिच्या तोंडून ऐकल्यावर तो वळला.

"गिअर कोनी टाकला?"

"काका, ब्रेक फेल झालेले," रितेश घाम पुसत म्हणाला. "सेम असाच कात्रीकरने एकदा..."

"तू गप रे! दुसरा पडला. आवाज नाय आला. कोनी टाकला?"

"मी," रेश्मा म्हणाली.

"कोनी शिकवला?"

"कोनीच नाय. लहानपनी तुमच्या बाजूला बसायची ना. तुमी कधी सांगितला नाय, पन हात तर दिसत होता."

धाऊने करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली पुढे केली. पण त्याला दिसत नव्हतं, हात भलतीकडे गेला, रितेश उभा होता तिथे. आणि मित्रांनो, रितेशने हात पुढे केला! रेश्माने तो हात बाजूला सारला आणि बापाच्या मुठीतून किल्ली घेतली.

सोमवारी भंगारवाला आला, पाणी प्यायला आणि गेला. ब्रेकचं काम झालं, नवा हँडब्रेक बसला, चंदेरी कागद निघाला. काही निघता निघत नाही, तो तसाच आहे. आता मी वाशिंदला भेंडी नेते. समशेरप्रेमींच्या ग्रुपवर मात्र वेगळीच कथा फिरते आहे, असं हरेश सांगतो. त्यात चपलाने डोंगरावरून झेप घेतली आणि रितेशने ती आवरली. रेश्मा त्यात नाही. सकुबाईही नाही. हा कट कात्रीकराचा की अत्तरवाल्याचा, यावर मात्र तिथे अजून हाणामारी चालू आहे. चालू द्या. त्यांना दुसरं काम काय आहे?

तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला एक मागणं मागते. चित्रातल्या गाडीला जपणं फार सोपं, तिला तेल लागत नाही. तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल तर तिला हार घालू नका आणि तिच्यासोबत फोटो काढू नका. तिची किल्ली कोणाच्या कमरेला बांधलेली आहे ते शोधा, आणि हट्ट धरून मागून घ्या, लवकर. धाऊ आता माझ्या डाव्या सीटवर बसतो आणि चढावर कान देऊन ऐकतो. लेक छान चालवते, असं तो भेटेल त्याला सांगतो. पण किल्ली त्याने डोळे शाबूत असताना दिली असती, तर तिला चालवताना एकदा तरी त्याने पाहिलं असतं.