ठोंब्याचं कूळ

कुत्र्याचं नाव ठोंब्या ठेवलं ते वडिलांनी, आणि ते त्याला शोभतही होतं. बसला की बसला. दारावरची घंटा वाजो नाहीतर शेजारची मांजर खिडकीत येऊन तोंड वेंगाडो, हा ढिम्म हलायचा नाही. अंगाने डांबरासारखा काळा, छाती ही एवढी रुंद, जबडा खलबत्त्यासारखा. हाक मारली तर एक कान तेवढा वळवायचा, आणि तोही उपकार केल्यासारखा.

वडील बसचालक होते. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत एका संध्याकाळी ते गणवेशाच्या कोटात हे पिल्लू कोंबून घरी आले. मुलीने विचारलं, "कुठून उचललंत हे?" तर म्हणाले, "मिळालं. सरमिसळ आहे. ना आईचा पत्ता, ना बापाचा." आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलीचं लग्न झालं नव्हतं, दादा परदेशात. घरात आणखी विचारणारं कोण होतं? पिल्लू राहिलं.

पुढे वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द तेवढा मागे उरला, "बरं." भूक लागली तरी बरं, संताप आला तरी बरं. कोणतं बरं कुठलं हे मुलीला सुरावरून कळायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना काठी देऊन पाहिली, धरून चालायची चौकट देऊन पाहिली. वडिलांनी दोन्हींना हात लावायला नकार दिला. मग एक दिवस ते आपणहून ठोंब्याच्या पाठीवर डावा हात टेकून उठले. ठोंब्या खांबासारखा उभा राहिला. तेव्हापासून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि संध्याकाळी इमारतीच्या अंगणात एक चक्कर, असं दोघांचं चालणं सुरू झालं. मुलगी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचं काम करायची. तिला दिवसभर कामावर राहता येत होतं ते या कुत्र्याच्या जिवावर.

अशात मागच्या गल्लीत एका कुत्र्याने पेपरवाल्याची पोटरी फोडली. इमारतीच्या लोकांनी लगेच सभा घेतली आणि ठराव केला, की झुंजीच्या जातीचं कुत्रं आवारात राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी चेअरमनकाकांनी तिला फाटकाजवळ गाठलं. माणूस गोड, घसा खाकरल्याशिवाय बोलायचं नाही अशी सवय.

"अगं, तो किती गरीब आहे ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण वरच्या मजल्यावरचे म्हणतात, तोंडवळा पिटबुलचा वाटतो. तू असं कर, ज्याच्याकडून आणला त्याला विचार याचे आईबाप कोण होते. सरमिसळ असला की विषय मिटला."

"आणि नसला तर?"

"असं कसं होईल? तुझे बाबाच तर सांगायचे." काका हसले. "आणि कागदबिगद काही आणू नकोस. तुझा शब्द मला पुरे. सभेत मी सांगेन, मी स्वतः खात्री करून घेतली म्हणून."

घरी येऊन तिने वडिलांना विचारलं, "बाबा, ठोंब्या कुणाकडून आणलात?"

वडिलांनी तोंड भिंतीकडे केलं. "बरं," ते म्हणाले. हे बरं तिने आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग जेवणाच्या सुट्टीत, घासायच्या यंत्रापाशी स्टूल ओढून, तिने कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना फोन लावायला घेतले. पहिल्या गृहस्थांना वाटलं, पिल्लू विकत घ्यायचंय. घरात कोण कोण, दिवसा कोण असतं, स्वभाव तापट आहे का, अशी त्यांनी सरबत्ती लावली. मुलगी दाखवायच्या आधी सासरची चौकशी करावी तशी. दुसऱ्या बाईंनी फोटो मागवला आणि पाहून म्हणाल्या, "आमच्याकडे असलं ध्यान निपजत नाही हो." तिसरा माणूस बोलघेवडा निघाला. कुत्र्यांच्या खाण्यावर बराच वेळ पाल्हाळ लावल्यावर त्याने विचारलं, "वडील काय करायचे म्हणालात?"

"बस चालवायचे. तलावाकडच्या मार्गावर."

"मग शेवटच्या थांब्यासमोर टायरवाला आहे ना, त्याच्या मागे एक बाई आहे. तिला विचारा. आणि जपून बोला, तिला राग लवकर येतो."

रविवारी शेजारणीला वडिलांजवळ बसवून आणि दुकानाच्या मालकाची गाडी मागून ती ठोंब्याला घेऊन निघाली. टायरांच्या ढिगामागे उंच जाळीचं आवार होतं. गमबूट घातलेली, केस बारीक कापलेली एक म्हातारी पाण्याच्या नळीने फरशी धूत होती. तिने ठोंब्याकडे एकदा पाहिलं, नळी टाकली आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. ओठ वर करून दात पाहिले, छातीवर हात फिरवला.

"हा माझ्या राणीचा धाकटा," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "आईने बाजूला सारला होता याला, दूध पाजेना. तुमचे वडील फेऱ्यांच्या मध्ये इथे पाणी प्यायला यायचे. रोज याला मांडीवर घेऊन बसायचे. म्हटलं, न्या."

"म्हणजे जात कोणती?"

"पिटबुल. मग काय शेळी वाटली? बाप सुलतान, राणीच्या सख्ख्या मावशीचा मुलगा. आजा माझ्या बापाने वाढवलेला. एक थेंब बाहेरचा नाही."

"बाबांना माहीत होतं हे?" मुलीने विचारलं.

"समोर बसवून सांगितलं होतं मी त्यांना. काय लपवायचंय त्यात?"

जाळीपलीकडे एक थोराड, तोंडाने पांढरी झालेली कुत्री येऊन उभी राहिली होती. ठोंब्याला तिने लांबूनच हुंगलं आणि पाठ फिरवून सावलीत जाऊन पडली.

"ही चावते का?" मुलीने विचारलं.

म्हातारीने बाही वर केली. कोपराखाली मांस गेल्याचा खोल खड्डा होता. "जन्मल्यापासून माझ्या पायाशी झोपते. एकदाच झालं. का झालं ते तिलाच ठाऊक."

"ठोंब्या करेल असं?"

"करेल असं मी म्हणत नाही. करणार नाही असंही माझ्याकडून वदवून घेऊ नका."

"आमच्याकडच्या कुणी विचारलं, तर सरमिसळ आहे एवढं सांगाल का? नाहीतर याला ठेवू देणार नाहीत."

म्हातारी ताडकन उठली. "आमच्या दोन पिढ्या हे रक्त राखण्यात गेल्या आणि मी त्याला भेसळ म्हणू? तुम्हाला काय सांगायचं ते सांगा बाई. मला विचाराल तर मी खरंच सांगणार." तिने नळी उचलली आणि पुन्हा फरशी धुवायला लागली.

घरी आल्यावर मुलगी वडिलांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. "तुम्हाला सगळं माहीत होतं."

"बरं," वडील म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. डावा हात पलंगाखाली गेला आणि तिथे पडलेल्या ठोंब्याच्या मानेवर विसावला. तिला भांडायचं होतं. पण भांडायचं कुणाशी? दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "कुत्रा देऊन टाक. आणि बाबांनाही कुठेतरी ठेवायचं बघ, तुला तुझं आयुष्य आहे की नाही?" असलं शहाणपण त्याला तिकडे बसून सुचायचं. तिने फोन ठेवला. कुत्रा दिला तर वडील पलंगाला खिळणार. वडील खिळले तर नोकरी सोडून तीही त्याच खोलीत. कुठूनही विचार सुरू केला, तरी ती फिरून त्या चार भिंतींशीच येऊन धडकत होती.

सोमवारी संध्याकाळी काका फाटकात उभेच होते. "काय, कळलं का?"

"सरमिसळ आहे," ती म्हणाली. शब्द तोंडातून असा सहज सुटला की तिचं तिलाच नवल वाटलं. नंतर लक्षात आलं, घरात वर्षानुवर्षं हाच शब्द ऐकलेला.

काकांनी सभेत ठोंब्याची बाजू इतकी छान मांडली की नाकं मुरडणारे लोकही खाली येऊन त्याला थोपटून गेले. आणि स्वतःचा विश्वास दाखवायला म्हणून काका रोज संध्याकाळी नातीला अंगणात आणू लागले. पोरगी चुणचुणीत, एका जागी म्हणून ठरायची नाही. सगळे तिला खारू म्हणायचे. खारू ठोंब्याच्या पाठीवर आडवी पडायची, त्याच्या कानात बोट घालायची, ओठ वर करून दात मोजायची. काका बाकावर बसून कौतुकाने बघायचे.

मुलीची मात्र झोप उडाली. जो कुत्रा तिने पिल्लाचा मोठा केला, त्याच्याकडे आता तिला साधेपणाने बघताच येईना. त्याने जांभई दिली की जबडा दिसायचा. झोपेत गुरगुरला की ती दचकायची. खारू खाली यायच्या आत घरी पोचावं म्हणून ती दुकानातून लवकर निघू लागली, आणि मालकाच्या कपाळावर आठ्या पडू लागल्या. तिने एक मुसकंही विकत आणलं. पण ते घालायचं कसं? सरमिसळ, गरीब कुत्र्याला मुसकं कशाला, असं कुणी विचारलं तर? ते मुसकं कपाटात कपड्यांखाली पडून राहिलं आणि ती रोज संध्याकाळी पट्टा हाताला गुंडाळून, चेहऱ्यावर हसू चिकटवून अंगणात उभी राहिली.

एका संध्याकाळी वडील ठोंब्याच्या पाठीवर हात ठेवून चक्कर मारत होते. खारू आडवी आली. तिने बिस्कीट स्वतःच्या दातांत धरलं आणि दोन्ही हात मागे बांधून तोंड ठोंब्याच्या तोंडापाशी नेलं. "घे," असं काहीतरी ती पुटपुटली. ठोंब्याने बिस्कीट घ्यायला ओठ मागे सारले.

मुलीला फक्त दात दिसले. तिने जिवाच्या आकांताने पट्टा ओढला. ठोंब्या आडवा झाला, आधार निसटला आणि वडील तोंडावर फरशीवर कोसळले. कपाळ फुटलं. खारूने भोकाड पसरलं. बिस्कीट तिच्या तोंडातून फरशीवर पडलं होतं.

काका धावत आले. "काय झालं? चावला का?"

"नाही," ती वडिलांना सावरत म्हणाली. "मी ओढला."

"अगं पण का?"

ठोंब्या वडिलांच्या कानापाशी नाक लावून उभा होता. वडील खालूनच तिच्याकडे बघत होते आणि मान हलवत होते, नको, नको. पण आता तिच्याच्याने राहवेना. "काका, तो सरमिसळ नाही. दोन्हीकडून पिटबुल आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

काकांनी आधी खारूला उचलून कडेवर घेतलं. मग मागे वळून वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. एका हाताने त्यांनी वडिलांना उठवायला मदत केली आणि ते निघून गेले.

तासाभराने ते जखमेला लावायचं मलम घेऊन दारात आले. आत यायला तयार नव्हते.

"तू हे मला का सांगितलंस?" त्यांनी विचारलं. रागापेक्षा काकुळतीच जास्त होती. "माझा संशय होताच. म्हणून तर तुझ्या शब्दावर सोपवलं होतं. सभेत मी छातीठोक सांगून बसलोय, मी स्वतः खात्री केली म्हणून. आता खरं सांगितलं तर मी खोटा ठरतो. नाही सांगितलं आणि उद्या काही झालं, तर?"

"खारूला पाठवू नका," ती म्हणाली.

"आमची नाही येणार. बाकीची पोरं?"

आतून वडिलांचं एक बारीकसं बरं आलं.

काकांनी त्यावर तोडगा काढला तो असा, की त्यांनी सगळीकडे सांगून टाकलं, ठोंब्याला खरूज झाली आहे, हात लावू नका. पोरं लांब झाली. अंग चाटू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणून मुलीला कपाटातलं मुसकं बाहेर काढता आलं. ठोंब्याने ते मुकाट्याने घालून घेतलं. वडिलांनी मात्र दोन दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी भुकेने खाल्लं, पण तिच्याकडे न बघता.

आता संध्याकाळी अंगण रिकामं असतं. वडील कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून चक्कर मारतात, मुलगी पट्टा धरून बाजूने चालते. काका खारूला घरी ठेवून एकटेच बाकावर येऊन बसतात. पूर्वी ते वर्तमानपत्र वाचायचे. हल्ली त्यांची नजर ठोंब्यावरून हलत नाही. फाटकातून कुणाचं मूल आत आलं की काका आणि मुलगी दोघंही एकदमच दचकतात, आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळतात.

परवा वरच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, "काय हो, अजून बरी नाही झाली का ती खरूज? आमच्या घरात लहान बाळ आहे, पसरली म्हणजे? पुढच्या सभेत विषय घ्यायला हवा."

"होतेय, होतेय बरी!" काकांनी वर बघून हात हलवला. मग चक्कर मारत मुलगी जवळून गेली तेव्हा त्यांनी मान न वळवता, ओठ जेमतेम हलवून विचारलं, "आता पुढे काय सांगायचं गं?"

थांबावं, तर वडील थांबायला तयार नव्हते. तिने पट्टा आणखी एक वेढा हाताला गुंडाळला आणि ती त्यांच्याबरोबर पुढच्या फेरीला वळली.