हिरवी तार

शशिधर हुक्केरींच्या शेडमध्ये शिकायला येणाऱ्याला पहिल्याच रविवारी एक नियम ऐकून घ्यावा लागे. स्पीकरची तार पारदर्शक प्लॅस्टिकच्या आतून हिरवी पडलेली दिसली, की ती सरळ काढून टाकायची. तपासत बसायचं नाही. हिरव्या तारेतून आवाज मळकट येतो, गाणाऱ्याच्या तोंडावर कुणी फडकं धरल्यासारखा, असं ते सांगत. ऐकणाऱ्याला ते पटेही, कारण सांगणाऱ्या माणसानं कागलकडच्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं मीटर आणि गेज सांभाळले होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कळंब्यातल्या घरामागे पत्र्याची शेड उभी केली आणि आत एक लांबलचक टेबल टाकलं. रविवारी सकाळी सात-आठ जण जमत. कुणी बंद पडलेला टेपरेकॉर्डर घेऊन येई, कुणाला अॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं जोडायची हौस असे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. टेबलासमोरच्या भिंतीवर अण्णांनी बिघाडाचे नमुने लावून ठेवले होते: फुगलेले कपॅसिटर, जळालेला ट्रान्सफॉर्मर, आणि खिळ्याला अडकवलेलं हिरव्या तारेचं एक मोठं वेटोळं.

त्या वेटोळ्याखालच्या बाकड्यावर ज्ञानू चौगुले बसायचा. तो शिकायला येत नसे. तो आणि अण्णा एकाच वर्षी कारखान्यात लागलेले. ज्ञानू बॉयलरवर होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको संयोगिता गेली, आणि त्यानंतर वर्षभरानं तो दर रविवारी स्कूटरवरून कागलहून यायला लागला. येताना अण्णांच्या बायकोसाठी, रुद्राणीवहिनींसाठी, वांगी नाहीतर ओल्या शेंगा आणायचा. चहा घ्यायचा, इतरांचं काम बघत बसायचा आणि बाराच्या आत परत जायचा. बोलणं फार नसे.

या वर्षी अनुजा माने नावाच्या बाई यायला लागल्या. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर त्यांना चालू करायचा होता. तिसऱ्या रविवारी अण्णा हिरव्या तारेचा नियम नव्या माणसाला समजावत असताना बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि अगदी सरळपणे विचारलं, "अण्णा, फरक किती पडतो? म्हणजे तुम्ही मोजलाय का कधी?"

"कान हायत की मोजायला," अण्णा म्हणाले आणि पुढे बोलत राहिले.

पण प्रश्न आत कुठेतरी रुतून बसला. कारखान्यात कुणी प्रेशर गेजकडे नुसतं बघून 'बरोबर हाय' म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं. आणि इथे मात्र एवढ्या वर्षांत एकाही हिरव्या तारेला त्यांनी मीटर लावला नव्हता.

रविवारी येणाऱ्यांतला सम्राट अण्णांच्या बाजूनं बोलला. त्याचं गाड्यांना साऊंड सिस्टिम बसवायचं दुकान होतं आणि तारेच्या बाबतीत तो अण्णांपेक्षाही कट्टर होता. डोळे बांधा, मी तार ओळखून दाखवतो, असं तो म्हणाला. मग तसंच करून बघू या, असं अनुजाबाईंनी सुचवलं. अण्णांनी लगेच हो म्हटलं. त्यांना भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

हिरवी तार भिंतीवर तयारच होती. तेवढ्याच जाडीची नवी तार त्यांनी तेवढीच लांब कापली. अनुजाबाईंची अट एकच होती: दोन्ही तारांची टोकं ताजी कापायची आणि सारखीच घट्ट बसवायची, म्हणजे फरक पडलाच तर तो तारेचाच असेल. अट रास्त होती. रुद्राणीवहिनींची जुनी चादर दोरीवर टाकली. पलीकडे अनुजाबाई दर वेळी नाणं उडवून ठरवणार की कुठली तार लावायची, आणि अलीकडे ऐकणाऱ्यानं कागदावर नुसतं 'जुनी' किंवा 'नवी' लिहायचं. वीस वेळा.

अण्णांनी सनई लावली, कारण सनईतली धार त्यांना पाठ होती. पहिल्या चार-पाच वेळा त्यांनी बेधडक लिहिलं. मग हात रेंगाळायला लागला. मळकट वाटलं म्हणून 'जुनी' लिहावं, तर दुसऱ्याच क्षणी तेच सूर लख्ख वाटत. बाराव्या-तेराव्या वेळेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण आता ऐकत नाही, अंदाज करतोय. तरी वीस पूर्ण केले.

कागद ताडून पाहिला. अकरा बरोबर, नऊ चूक. सम्राटचे नऊ बरोबर निघाले. एवढं नुसतं नाण्यानंही दिलं असतं, हे अनुजाबाईंनी बोलून दाखवलं नाही, त्याबद्दल अण्णांना मनातून बरं वाटलं.

ज्ञानूलाही कुणीतरी विचारलं. तो बाकड्यावरूनच म्हणाला की मला सगळं सारखंच वाटलं.

अण्णांनी कपाटातून पॉवर सप्लाय काढला. साधा मल्टीमीटर इतका लहान रोध नीट दाखवत नाही, म्हणून त्यांनी तारेची पलीकडची दोन टोकं एकमेकांना जोडली, एक अँपिअर करंट सोडला आणि अलीकडे मिलिव्होल्ट मोजले. नव्या तारेला दोनशे छत्तीस, हिरवीला दोनशे एकेचाळीस. हिरवा रंग वरच्या वर होता. आतलं तांबं शाबूत होतं. मग त्यांना काहीतरी सुचलं. सकाळी कापून टाकलेली हिरव्या तारेची टोकं त्यांनी कचऱ्यातून शोधून काढली, एका जुन्या स्पीकरच्या स्क्रूखाली जशीच्या तशी धरली आणि तोच करंट सोडला. आता तेवढ्या चार बोटांच्या तुकड्यावर मीटर आठशेच्या आसपास नाचायला लागला. तुकडा जरा हलवला की आकडा उडी मारायचा.

"बघा," ते हळू म्हणाले. "दुखणं टोकाला असतंय. आणि मी दर वेळी अख्खी तार काढत आलो."

तार बदलताना टोकं आपोआप नवी होत, स्क्रू नव्यानं आवळले जात, आणि खरखर थांबे. श्रेय मात्र तारेला मिळे. मळकट आवाजाचं काय, असं अनुजाबाईंनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले की दिवसभर राबून बसवलेली तार लख्ख वाजणारच, राबणाऱ्याला. सम्राटला हे काही पटलं नाही. चादरीमुळे आवाज दबला असेल, असं तो म्हणत राहिला.

सगळे गेल्यावर अण्णा हिरवी तार परत गुंडाळायला लागले. अंगठ्याखाली प्लॅस्टिकला एक बारीक खळगा लागला. वीतभर पुढे दुसरा, मग तिसरा. भिंतीच्या कडेनं तार ठोकताना लावलेल्या क्लिपांच्या त्या खुणा होत्या. अंतर इतकं सारखं की कुणीतरी वीत लावून मोजून ठोकल्या असाव्यात.

आणि मग त्यांना ज्ञानूचं घर आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या स्वयंपाकघरातला स्पीकर खरखरत होता म्हणून ते कागलला गेले होते. ज्ञानू दूध घालायला डेअरीवर गेलेला. सोप्यापासून चुलीच्या भिंतीपर्यंत हिरवी तार पाहून त्यांना चैन पडेना. तो परत येईपर्यंत त्यांनी ती उपटून काढली आणि पांढऱ्या पट्टीतून नवी तार टाकली. खरखर गेली. ज्ञानू दारात उभा राहून भिंतीकडे बघत "बरं झालं," एवढंच म्हणाला होता. ती जुनी तार, स्वयंपाक करताना भजनं ऐकू यावीत म्हणून, संयोगितावहिनींनी स्वतः हातोडी घेऊन ठोकली होती. हे अण्णांना माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी हे रुद्राणीवहिनींना सांगितलं. त्यांनी पानात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तीन वर्षं त्या वेटोळ्याखालीच बसतायत ते. मला वाटलं तुम्हाला ठाऊक हाय."

मंगळवारी अण्णा पिशवीत तार घालून कागलला गेले. ज्ञानू गोठ्यात म्हशीपुढे पेंड ठेवत होता. अण्णांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: तार चांगली होती, चूक माझी होती, टोकाला इंचभर कापलं असतं तरी भागलं असतं. ज्ञानूनं हात धुतले, पिशवी घेतली, आत डोकावून पाहिलं.

"तार गेल्याचं काय न्हाय रं," तो म्हणाला. "तार कधीतरी जाणारच की. पण तू इचारलं न्हाईस."

तेव्हाच का बोलला नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तू घामानं भिजलावतास. मी काय बोलू? आणि मग तुझ्या भिंतीवर दिसली. म्हटलं, भंगारात तरी गेली न्हाय. रविवारी बघायला मिळती, बास."

म्हैस पेंड खात होती. मग अण्णा म्हणाले की पांढरी पट्टी काढून हीच तार परत होती तशी बसवून देतो, क्लिपासुद्धा त्याच अंतरावर. ज्ञानूनं खरोखरच विचार केला, आणि नको म्हणाला. ती भिंत आता सुनेची झाली होती. स्वप्नालीनं तिथे डब्यांची मांडणी केली होती. परत ठोकाठोक कशाला? तार त्यानं आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवली.

बाहेर आल्यावर तो जरा घुटमळला. "शशा, ते स्पीकर परत खरखरतंय. तीन म्हयनं झालं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर परत सगळं उपटलं असतंस की."

अण्णांना हसू आलं, आणि त्याबरोबर वाईटही वाटलं. ते स्वयंपाकघरात गेले. स्पीकरमागचा स्क्रू सैल झाला होता आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनीच टाकलेली नवी तार टोकापासून वीतभर आत हिरवी पडली होती. फोडण्यांची वाफ होती तिथे, पडणारच. ज्ञानू शेजारी उभा होता.

"इंचभर कापू?" अण्णांनी विचारलं.

"काप."

अण्णांनी टोक कापलं. पॉलिश पेपरचा बारीक तुकडा फिरवून तांबं लाल होईपर्यंत घासलं, पेड नीट पिळला, स्क्रूखाली धरला आणि आवळला. स्वप्नाली मांडणीला टेकून बघत होती. टोकाला सोल्डर लावायचं नाही का, तिनं विचारलं. लावलं तर ते स्क्रूखाली हळूहळू दबतं आणि जोड परत सैल होतो, म्हणून नुसतं तांबं बरं, असं अण्णांनी सांगितलं. महिन्याभरानं स्क्रू पुन्हा एकदा पिळायचा. पण आधी अॅम्प्लिफायर बंद करायचा. तिनं मान डोलावली आणि पेचकस कुठला वापरायचा ते बघून ठेवलं.

ज्ञानूनं भजनाची कॅसेट लावली. खरखर नव्हती. अण्णांनी सवयीनं आवाज लख्ख आलाय का मळकट हे ऐकायचा प्रयत्न केला, मग ते सोडून दिलं आणि चहा घेतला.

पुढच्या रविवारी त्यांनी आधी सगळ्यांना स्वतःची चूक सांगितली आणि मगच कामाला हात घातला. तार आतून ठिसूळ होऊन तिचे धागे तुटत असतील तर बदलायचीच. नुसती हिरवी असेल तर टोकं बघायची, स्क्रू साफ करून आवळायचे, मोजायचं. आणि दुसऱ्याच्या घरची असेल तर कापण्याआधी विचारायचं. एकानं विचारलं की हे शेवटचं कशासाठी, तेव्हा अण्णांनी कारण सांगितलं नाही, पण ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

सम्राट त्या रविवारी आला नाही, पुढेही फारसा आला नाही. चांदीचा मुलामा दिलेली तार त्यानं मागवलीय, असं कुणीतरी बोललं. ज्ञानूही आला नव्हता. अण्णा दोन-तीनदा उगाच फाटकापर्यंत जाऊन आले. अकराच्या सुमाराला फोन आला: म्हैस व्यायली होती, रेडी झाली होती, आणि वहिनींना खरवसाचा चीक कधी आणून देऊ, असं ज्ञानू विचारत होता.