दुसरी रेघ

“आली बघा दुसरी रेघ,” रक्ततपासणीची पट्टी उजेडात धरून ती म्हणाली. “जंतू आहेच अजून.”

नवऱ्याने बाही खाली केली. “चिवट आहे लेकाचा. पोटभाडेकरू!”

ती हसली. तेवीस वर्षं ती याच लॅबमध्ये रक्त काढत होती. शीर सापडत नाही अशी म्हातारी माणसं तिच्याच खुर्चीसाठी अडून बसत. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं पोट दुखू लागलं, तेव्हा रक्त तपासून जंतू तिनेच पकडला होता. चौदा दिवसांच्या गोळ्यांनी त्याला बरंही वाटलं. वर्षभराने जेवण कमी झालं, पट्टा दोन भोकं आत गेला. तिने पुन्हा रक्ताचा थेंब टाकला, पुन्हा दोन रेघा. डॉक्टरांनी दुर्बीण सुचवली होती. कारण हाती असताना घशात नळी कशाला, असं तीच म्हणाली. पुन्हा गोळ्या. आणि आज ही तिसरी वेळ.

आठवड्याने त्याला रक्ताची उलटी झाली.

दुर्बीण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. “जंतू पहिल्याच गोळ्यांनी गेलाय. तो गेला तरी रक्तातली खूण वर्षानुवर्षं राहते. ही गाठ आहे. फार पसरलीय.”

लॅबमध्ये येऊन तिने पट्ट्यांच्या पेटीतला कागद वाचला. बारीक अक्षरात छापलंच होतं : औषधोपचारानंतर ही तपासणी ग्राह्य धरू नये. रक्ताचे ठिपके पडू नयेत म्हणून तो कागद ती दर वेळी टेबलावर पालथा अंथरायची. तिला स्वतःच्या हातांची किळस आली. रडूसुद्धा येईना.

घरी नवऱ्याच्या पोटात आता पाणीही ठरत नव्हतं. एका दुपारी त्याने हात पुढे केला.

“एकदा बघतेस? निदान तो पोटभाडेकरू तरी गेला का.”

“अहो, त्याने काय होणार आता?”

“बघ गं.”

तिने बोट टोचलं, थेंब टाकला. दहा मिनिटं दोघं घड्याळाकडे बघत बसली. मग तिने पट्टी उचलून बघितली आणि पदराखाली धरली.

“एकच आहे,” ती म्हणाली.

“सुटलो बाई एकदाचा,” तो म्हणाला, आणि बाही सारखी करू लागला. बटण त्याला जमेना. तिने लावून दिलं.